बूट बाहेर हं

वॉशिंग मशीन बघायला आलेला माणूस दारात उभा होता. खांद्यावर काळी बॅग, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि छोटा टॉर्च. मी दार उघडलं, आधी त्याच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बूट बाहेर हं." चेहऱ्याकडे पाहिलं ते त्यानंतर. तो काही बोलला नाही. जिन्याच्या पायरीवर टेकला, नाड्या सोडल्या. जाडजूड बूट, पुढे लोखंडी टोपण असलेले, कारखान्यात घालतात तसले. ते उतरल्यावर दिसले राखाडी मोजे आणि उजव्या मोज्यातून बाहेर डोकावणारा अंगठा. मग त्यानं एक हालचाल केली, इतकी सराईत की लक्ष नसतं तर दिसलीही नसती. डाव्या पायानं उजव्या मोज्याचं टोक पुढे ओढलं, ते अंगठ्याखाली दुमडून दाबलं आणि तसाच, बोटं आवळून, आत आला.

मशीनमध्ये पाणी अडकलं होतं. त्यानं खालची झडप उघडली, फिल्टर फिरवला आणि साबणाचा शिळा वास मारणारं पाणी भसकन बाहेर आलं. मोजे क्षणात भिजले. तो मशीन भिंतीपासून पुढे ओढायला लागला, एकदा या कोपऱ्यानं, एकदा त्या कोपऱ्यानं. खुर्चीत बसलेली आई हळूच म्हणाली, "अगं, त्याचे पाय बघ." मला वाटलं, ओले ठसे उमटतायत म्हणून सांगतेय. मी लगबगीनं फडकं आणून टाकलं. तिला म्हणायचं होतं ते वेगळंच. ६०-७० किलोचं ते धूड प्रत्येक हिसक्यासरशी फरशीवर आपटत होतं आणि त्याची बोटं तिथून वीतभरही लांब नव्हती. लोखंडी टोपणाचे बूट दाराबाहेर शिस्तीत उभे होते.

पंप गेला होता. "पार्ट मागवावा लागेल ताई, चार दिवसांनी येतो," म्हणून तो गेला. त्याच्या मागे दारापर्यंत ओल्या पावलांची रांग राहिली. उजव्या पावलात अंगठा ठसठशीत, बाकीची बोटं पुसट. पंखा लावल्यावर ती पाच मिनिटांत वाळली. पण मला दिवसभर दिसत राहिली, आणि ती अंगठ्यामुळे नव्हे.

आदल्याच आठवड्यात आमच्या ऑफिसातले एक वरिष्ठ घरी येऊन गेले होते. काळे, टोकदार, आरशासारखे बूट. दारात ते वाकले, म्हणजे वाकल्यासारखं केलं. हे वाकणं आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. कंबर किंचित झुकते, हात गुडघ्यापर्यंत जातो आणि तिथे थांबून वाट बघतो. या क्षणी यजमानानं "अहो राहू द्या" म्हणायचं असतं. मी म्हणाले. एकदा नाही, तीनदा. "राहू द्या सर, राहू द्या हो, काही होत नाही." ते "नाही, नाही" म्हणतच सरळ झाले आणि गालिच्यावरून चालत जाऊन सोफ्यावर बसले, पायावर पाय टाकून. बुटाचा तळवा बरोबर माझ्या समोर आला. टाचेच्या खाचेत एक पांढरा खडा अडकला होता. तासभर मी कामाचं बोलत होते आणि त्या खड्याकडे बघत होते.

ते गेल्यावर मी सगळी फरशी पुसली. दोनदा.

म्हणजे घाण दोघांच्याही बुटांना होती आणि मला ती दोन्ही वेळा दिसली होती. एकाला मी बूट काढू दिले नाहीत, दुसऱ्याला घालू दिले नाहीत. आणि त्यातलं जास्त टोचलं ते वाक्याच्या शेपटीचं 'हं'. हे अक्षर मोठं लबाड आहे. "सांभाळून जा हं" म्हटलं की पाठीवरून हात फिरतो. "बूट बाहेर हं" म्हटलं की त्याच हाताचं बोट होतं, दाराकडे रोखलेलं. वर पुन्हा आपण गोड बोललो असं आपल्याला वाटत राहतं. साहेबांना मी 'हं' लावलाच नसता. लावायची हिंमतच झाली नसती.

आपल्या भाषेचीही या बाबतीत गंमत आहे. कुणाला अगत्यानं बोलवायचं तर आपण म्हणतो, "कधी आमच्याकडे पायधूळ झाडा." पाहुण्याची धूळ घरात पडावी, हे भाग्य! प्रत्यक्षात पाहुणा आला की त्याच धुळीच्या धास्तीनं आपण पायपुसण्याकडे बघतो. शिवाय 'पायातली वहाण पायातच बरी' असंही आपणच म्हणतो. ही म्हण कुणी आजवर वहाणेबद्दल वापरलेली मी ऐकलेली नाही. ती नेहमी एखाद्या माणसाबद्दलच असते.

घरातला हा नियम मूळचा आईचा. आमच्या लहानपणी तो इतका पक्का होता की तो नियम आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. शाळेतून पळत यायचं, दप्तर पाठीवर असतानाच एका पायानं दुसरा बूट टाचेकडून ओरबाडायचा ("नाडी सोडून काढ!" हे आतून ठरलेलं) आणि मोज्यांसकट आत उडी मारायची. मग मोजे काढले की पोटऱ्यांवर इलॅस्टिकच्या गुलाबी खाचा. त्या खाजवत थंडगार फरशीवर पाय टेकले की शाळा संपायची. घंटेनं नाही संपायची, फरशीनं संपायची. आजही ऑफिसातून आल्यावर पहिलं काम तेच. तळव्याला गारवा लागेपर्यंत मी अजून कुणाच्या तरी नोकरीत असते.

आणि दारातली पादत्राणं वाचायची सवय. हे वाचन आम्हाला कुणी शिकवलं नाही. झिजलेल्या टाचांच्या सँडल म्हणजे आत्या आली. चपला एकमेकींवर चढलेल्या असल्या तर घाईनं आलेलं माणूस, जुळवून ठेवलेल्या असल्या तर काही मागायला आलेलं. मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा दुपारी घरी आले तर दारासमोर पादत्राणांचा खच. जिन्याच्या तीन पायऱ्यांपर्यंत. मोठी, लहान, बायकांची, पुरुषांची. एवढी माणसं आत आणि आवाज मात्र अजिबात नाही. मी तिथेच थांबले. आत न जाताच कळलं की आजोबा गेले. त्या चपलांमधून वाट काढताना माझा पाय कुणाच्या तरी बुटावर पडला आणि तो आतून अजून कोमट होता. दुःखाच्या सगळ्या आठवणी पुसट झाल्या, हा कोमटपणा गेला नाही. त्या दिवशी गर्दीत कुणीतरी बाबांचे बूट घालून निघून गेलं. बदल्यात एक नंबर लहान बूट मागे राहिले होते. बाबा आठवडाभर बोटं आवळून तेच घालून फिरले आणि त्या रडारडीत घरात पहिल्यांदा हसू आलं ते त्यावरून.

आर्मेनियातल्या एका गुहेत २००८ मध्ये कातड्याचा एक बूट सापडला. सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा, उजव्या पायाचा, नाडीसकट. आत गवत कोंबलेलं. पायाला ऊब राहावी म्हणून की काढून ठेवल्यावर आकार टिकावा म्हणून, हे संशोधकांना ठरवता आलं नाही. मी मनातल्या मनात दुसऱ्या बाजूनं मत देऊन टाकलं. कुणीतरी आत येताना तो काढून नीट ठेवला असणार. तो इतकी वर्षं टिकला याचं कारण मात्र आईला सांगितलेलं नाही. त्याच्यावर मेंढ्यांच्या लेंड्यांचा जाड थर बसला होता. घाणीनंच तो जपला.

घाणीबद्दल माझं मत काळाप्रमाणे बदलत गेलंय. मुलगी रांगायला लागली तेव्हा मी आईपेक्षा कडक झाले. रांगणारं मूल म्हणजे फरशी पुसणारं आणि पुसून झाल्यावर फडकं तोंडात घालणारं यंत्र. तेव्हा शिशाबद्दल वाचलं आणि झोप उडाली. गाड्यांच्या पेट्रोलमध्ये शिसं मिसळायची पद्धत जगभर होती. ती पूर्णपणे संपली २०२१ मध्ये, अल्जेरियानं असं पेट्रोल विकणं थांबवलं तेव्हा. पण शिसं कुजत नाही, उडून जात नाही. रस्त्याकडेच्या मातीत पडलं ते पडलं. जुन्या रंगांचे पोपडे पडतात त्यांतही ते असतं. बुटाला लागून ते घरात येतं, धुळीत मिसळतं, रांगणाऱ्या हाताला लागतं आणि हात तोंडात जातो. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला शिसं घातक, आणि त्याचं कमीतकमी अमुक प्रमाण चालेल अशी सुरक्षित पातळीच माहीत नाही. हे वाचलेली आई दारात पहारा देणार नाही तर काय करेल? उलट बाजूची मंडळीही भेटली. "मातीत खेळू दे गं, प्रतिकारशक्ती वाढते." डेव्हिड स्ट्रॅकन या ब्रिटिश संशोधकानं १९८९ मध्ये मांडलं होतं की मोठ्या कुटुंबातल्या, विशेषतः मोठी भावंडं असलेल्या मुलांना गवताच्या परागांमुळे होणारी सर्दी कमी दिसते, कदाचित भावंडांकडून लहानपणी होणाऱ्या संसर्गांमुळे. त्यात बुटांचा काही संबंध नव्हता. पण वाद घालताना माणसाला जे हाताशी येईल ते चालतं.

२०२० मध्ये तर कहर झाला. वूहानच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्या कर्मचाऱ्यांच्या बुटांचे तळवे तपासले, निम्म्या नमुन्यांत विषाणूचे अंश सापडले, ही बातमी मी वाचली आणि फवारणीची बाटली घेऊन दारात बसले. अंश सापडणं वेगळं आणि त्यानं आजार होणं वेगळं, हे समजून घेण्याची ती वेळ नव्हती. माझ्या फवारणीनं नवऱ्याच्या एका बुटाचा रंग गेला. तो जोड अजून आहे, एक काळा आणि एक करडा. त्यानं तक्रार केली नाही, फक्त त्या वर्षभर तो दारात बूट काढताना हात वर करून उभा राहायचा, चोर पकडल्यासारखा.

या विषयावरची माझी सर्वांत लाडकी गोष्ट मात्र पृथ्वीवरची नाही. १९७२ च्या डिसेंबरमध्ये अपोलो १७ चे युजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट चंद्रावर उतरले होते. तीनदा बाहेर जाऊन काम केलं आणि प्रत्येक वेळी पोशाखाला, बुटांना चिकटलेली धूळ घेऊन यानात परतले. झटकली, ब्रशनं झाडली, पण जाईना. चंद्रावर ना वारा ना पाणी, त्यामुळे तिथल्या कणांच्या कडा कधी घासल्याच जात नाहीत. काचेच्या चुऱ्यासारखी ती धूळ. आत येऊन शिरस्त्राण काढल्यावर वास आला तो नुकत्याच उडवलेल्या बंदुकीच्या दारूसारखा. श्मिटचं नाक चोंदलं आणि त्यानं चक्क चंद्राच्या धुळीची सर्दी झाल्याचं सांगितलं. त्याआधी १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांनी निघताना वजन कमी करण्यासाठी जे सामान दाराबाहेर टाकलं, त्यात त्यांचे वरून चढवायचे बूट होते. ते अजून तिथेच असणार. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बघ. एवढ्या लांब गेले तरी शेवटी बाहेरच काढले ना?"

हे तिनं म्हटलं तेव्हा तिच्या पायात चपला होत्या. घरात.

ते असं झालं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मला घरात एक आवाज ऐकू यायला लागला. टक, टक, टक. थांबायचा, परत सुरू व्हायचा. नळ बघितला, खिडकी बघितली. मग लक्षात आलं की आई चालली की आवाज येतोय. ती अनवाणी होती, नेहमीसारखी. तिला खुर्चीत बसवून पाय वर घेतला तर टाचेत ड्रॉइंग पिन, पार डोक्यापर्यंत रुतलेली. मुलीच्या सॉफ्टबोर्डवरची, पिवळी. पितळी कड फरशीवर घासून चकचकीत झाली होती. म्हणजे ती बराच वेळ तिथे होती. "दुखत नाही?" मी विचारलं. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "काय?"

मधुमेहानं तिच्या पायांची संवेदना कधी निघून गेली ते तिलाही कळलं नव्हतं. डॉक्टरांनी नायलॉनचा एक ताठ धागा घेतला. तो वाकला की १० ग्रॅमचा दाब पडतो, तेवढाच. "डोळे मिटा आजी, लागलं की हो म्हणा." ते तळव्याच्या एकेका जागी धागा टेकवत गेले. आई शांत. मग एकदम "हो" म्हणाली, तेव्हा धागा हवेत होता. पुन्हा एकदा "हो". परीक्षेत उत्तर येत नसलेलं मूल अंदाजानं हात वर करतं ना, तशी. मी खिडकीबाहेर बघायला लागले. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आजपासून घरात चप्पल. अनवाणी एक पाऊलसुद्धा नाही. घालण्याआधी हात घालून आत काही नाही ना बघायचं." आई घासाघीस करायला लागली. "मोजे घातले तर?" "घसराल." "स्वच्छच असते हो आमची फरशी." "पिन स्वच्छच होती ना?" यावर ती गप्प झाली.

ज्या बाईनं आयुष्यभर सगळ्यांना दारात अडवलं, तिनं स्वतःच्या घरात चप्पल घालायची. पहिले काही दिवस ती भिंतीला धरून चालायची. तोल जातो म्हणून नव्हे, तर गुन्हा केल्यासारखी. रात्री झोपताना त्या चपलांचे तळवे ओल्या फडक्यानं पुसायची. त्या कधी उंबऱ्याबाहेर गेलेल्याच नव्हत्या, तरी. एकदा म्हणाली, "आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटतं गं. आता निघायचं असल्यासारखं." हळूहळू तिला सवय झाली, मला झाली नाही. मऊ रबराचा तो चप-चप आवाज दिवाणखान्यातून येतो तेव्हा अजूनही क्षणभर माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. आणि मग ते गिळावं लागतं.

या सगळ्यामुळे असेल, मशीनवाल्याचे ओले मोजे तिला दिसले आणि मला फक्त ठसे दिसले.

चार दिवसांत मी बरीच तयारी केली. म्हणजे मनातल्या मनात. मागच्या वेळचं काही बोलायचं नाही, सहज म्हणायचं, असू द्या बूट. शिवाय हॉस्पिटलात देतात तसली बुटांवर चढवायची निळी प्लॅस्टिकची आवरणं मागवून ठेवली. आई ती हातात घेऊन उलटसुलट बघत म्हणाली, "हे त्याच्यासाठी की तुझ्यासाठी?"

बेल वाजली. मी दार उघडलं, या वेळी आधी चेहऱ्याकडे पाहिलं. पस्तिशीचा असेल, डाव्या भुवईवर जुना व्रण. मी म्हणाले, "बूट असू द्या दादा, मशीन जड आहे." तो पायरीवर टेकलाच होता. नाडीवरचा हात न काढता म्हणाला, "नको ताई, पुसलेली आहे फरशी." मी आवरणं पुढे केली. ती बघून तो हसला. "ओल्यावर घसरतात ही. मागे एका ठिकाणी पडलोय." आणि त्यानं बूट काढले, भिंतीशी जुळवून ठेवले.

मोजे नवे होते. कोरे करकरीत, गडद निळे, घडीच्या रेघा अजून तशाच. डाव्या टाचेवर, दोन मोजे एकत्र अडकवायचा तो प्लॅस्टिकचा बारीक धागा उभा होता, एका बाजूनं तुटलेला. तो पंप बदलत होता तितका वेळ मी त्या धाग्याकडे बघत होते, तशीच, जशी त्या खड्याकडे बघत बसले होते. तोंडातून मात्र शब्द फुटेना. काय म्हणणार? तुमचे मोजे नवे आहेत, हे मला दिसलंय?

आई खुर्चीतून उठली. चप-चप करत त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. "अरे बाळा, टाचेला टोचतंय बघ तुझ्या. काढून टाक ते. सांभाळून हं."

त्यानं पाय वळवून पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "कळलंच नाही आजी," म्हणाला आणि बॅगेतून कटर काढून तो धागा कचकन तोडला. तोडलेला तुकडा उडाला आणि कुठे गेला ते दिसलं नाही. आई तिथेच खिळली. "कुठे पडला? मला टोचला तर कळणार नाही रे." तो लगेच गुडघ्यांवर बसला, टॉर्च लावला आणि फरशीला गाल टेकवून मशीनखाली बघायला लागला. मीही पलीकडून बसले. फरशीवर मशीनमधलं पाणी पसरलं होतं, साबणाचा वास येत होता, आणि आमच्या दोघांच्या मधोमध आईचे चपलांमधले पाय, अजिबात न हलता.

"तुमच्या बाजूला बघा ताई," तो म्हणाला. "पारदर्शक आहे, हातानंच चाचपावं लागेल."